बडोद्याहून युरोपची बसटूर: टूर निवडण्यापासून परतीच्या शिक्क्यापर्यंत

दांडिया बाजार, रावपुरा, कारेलीबाग इथल्या ओळखीच्या घरांमधून युरोपला निघालेल्या बऱ्याच जणांचे कागद मी तपासून दिले आहेत. दोनदा स्वतःही बसटूरने जाऊन आले आहे. चुका त्याच त्याच होतात. त्यातल्या बहुतेक इथे, घरात बसून होतात आणि त्यांची भरपाई तिकडे वेळ देऊन करावी लागते. खर्च झालेले पैसे पुन्हा मिळवता येतात, पण व्हेनिसमध्ये वाया गेलेला तास काही परत येत नाही. म्हणून तयारीतली प्रत्येक गोष्ट करताना एकच विचारायचं: याने तिकडचा वेळ वाचेल की जाईल?

मेमध्ये निघायचं असेल तर दिवाळी झाली की लगेच कामाला लागा. क्रम असा ठेवा: टूरचा तपशील वाचणं, पासपोर्ट तपासणं, पैसे परत मिळण्याच्या अटी समजून घेणं, मग पैसे भरणं, मग व्हिसा. बरेच जण आधी पैसे भरतात आणि पासपोर्ट मग कपाटातून काढतात.

## १. टूर निवडताना देश मोजू नका, रात्री मोजा

'चौदा दिवसांत दहा देश' ही ओळ बाजूला ठेवा. कार्यक्रमपत्रिका छापून घ्या आणि पेन्सिल घेऊन बसा. पहिला आणि शेवटचा दिवस खोडा, ते विमानात आणि विमानतळावर जातात. उरलेल्या प्रत्येक दिवसासमोर त्या दिवशीचा बसप्रवास किलोमीटरमध्ये लिहा. पॅरिस ते ब्रुसेल्स साधारण ३१०, ब्रुसेल्स ते ॲमस्टरडॅम २१०, ॲमस्टरडॅम ते कोलोन २६५, इन्सब्रुक ते व्हेनिस ३९०, फ्लॉरेन्स ते रोम २७५. बडोदे ते मुंबई चारशेच्या आसपास, म्हणजे अंदाज येईल. ज्या दिवशी पाचशेच्या वर आकडा आला, त्या दिवशी रस्ता आणि जेवण याखेरीज फार काही होणार नाही. असे दिवस दोनपेक्षा जास्त असतील तर दुसरी टूर बघा. एका गावी सलग दोन रात्री किती वेळा आहेत तेही मोजा. रोज बॅग भरावी लागणारी टूर साठीच्या पुढच्या माणसांना मानवत नाही, हे मी आईबाबांना घेऊन गेले तेव्हा शिकले.

आता क्रियापदांखाली रेघ मारा. 'बसमधून दर्शन', 'फोटोसाठी थांबा', 'बाहेरून पाहणे' आणि 'प्रवेशासह' हे चार वेगवेगळे अनुभव आहेत आणि किमतीतला फरक बहुतेक इथेच असतो. आयफेल टॉवरवर नेणार म्हणजे कुठपर्यंत? दुसरा मजला साधारण ११६ मीटरवर आहे, सगळ्यात वरचा २७६ मीटरवर. पत्रिकेत लिहिलं नसेल तर दुसराच समजा. वारा फार असला की वरचा मजला बंद ठेवतात, तेव्हा त्याची हमी कोणीच देऊ शकत नाही.

मग वार बघा. लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद, व्हर्सायचा राजवाडा सोमवारी बंद, व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडून इतर रविवारी बंद. तुमची बस पॅरिसमध्ये नेमकी मंगळवारी असेल तर हे आत्ताच कळलेलं बरं.

ट्युलिपचा घोटाळा तर दर वर्षी होतो. नेदरलँड्समधली कॉयकनहोफ बाग मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतच उघडी असते. आपल्याकडच्या शाळांना सुट्टी लागून घरचे निघेपर्यंत मेचा शेवट उजाडतो, आणि ट्युलिप पाहायचे म्हणून निघालेल्यांना दुसरंच काही दाखवतात. फुलं हवी असतील तर एप्रिल धरा, मुलांची सुट्टी हवी असेल तर फुलं सोडा.

तपासा: चार गोष्टी लेखी मागा. हॉटेल शहराच्या मध्यापासून किती किलोमीटरवर आहे, रोजची टीप किमतीत धरली आहे का, कोणती जेवणं धरलेली नाहीत, आणि व्हिसा नाकारला गेला तर नेमके किती पैसे परत मिळतील. फोनवरच्या 'काळजी करू नका' वर विसंबू नका.

## २. पासपोर्ट आणि नावातले 'भाई-बेन'

शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, तिथून निघण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. मी सहा महिन्यांचा हिशेब धरायला सांगते, कारण वाटेतल्या देशांचे नियम वेगळे असू शकतात.

आपल्या इथली खरी अडचण नावाची. गुजरातमधल्या कागदांवर आडनाव आधी येतं आणि नावाला 'भाई' किंवा 'बेन' चिकटलेलं असतं. पासपोर्टवर सुनंदा, आधारवर सुनंदाबेन, बँकेत लग्नाआधीचं आडनाव, अशी तीन नावं एकाच बाईंची असलेली मी पाहिली आहेत. विमानाचं तिकीट, विमा आणि व्हिसाचा अर्ज पासपोर्टवर जसं आहे तसंच, अक्षर न् अक्षर, मधल्या नावासकट भरा. बँक आणि पॅनवरचं नाव वेगळं असेल तर वेळ आहे तोवर दुरुस्त करून घ्या. नाहीच जमलं तर विवाहाचा दाखला आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र अर्जाला जोडा.

सावध: टूरवाल्यांना नाव फोनवर सांगू नका. पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची प्रत पाठवा आणि तिकीट आल्याबरोबर ते पासपोर्टशेजारी ठेवून वाचा.

## ३. व्हिसा

एका शेंगेन व्हिसावर २९ देश होतात. स्वित्झर्लंड त्यात आहे, ब्रिटन नाही. लंडन टूरमध्ये असेल तर त्याचा व्हिसा वेगळा, फी वेगळी आणि कागदही वेगळे.

लंडन कुठल्या क्रमाने येतं हे फार महत्त्वाचं. आधी लंडन, मग पॅरिसपासून रोमपर्यंत आणि तिथूनच घरी, असं असेल तर शेंगेनमध्ये एकदाच प्रवेश होतो. पण पॅरिस, मग लंडन, मग ॲमस्टरडॅम असा मार्ग असेल तर एकदा बाहेर पडून पुन्हा आत यावं लागतं, आणि त्यासाठी अनेक प्रवेशांचा व्हिसाच लागतो. हातात आल्यावर त्यावरचा प्रवेशांचा रकाना आणि तारखा त्याच दिवशी तपासा.

अर्ज ज्या देशात सर्वाधिक रात्री आहेत त्या देशाकडे करायचा. रात्री सारख्या असतील तर जिथे पहिला प्रवेश होतो त्या देशाकडे. 'अमक्या देशाचा व्हिसा लवकर मिळतो' म्हणून दुसरीकडे अर्ज टाकणं हे नकाराला आमंत्रण आहे.

प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि शेवटची मुदत १५ दिवस आधीची. निकाल साधारण १५ दिवसांत लागतो, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. मे-जूनच्या प्रवासासाठी भेटीच्या तारखा भराभर संपतात, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत कागद तयार हवेत. गुजरातचे अर्ज बहुतेक देशांच्या मुंबईतल्या वकिलातीकडे जातात, मात्र कागद आणि बोटांचे ठसे देण्याची सोय अहमदाबादच्या व्हिसा अर्ज केंद्रात अनेक देशांसाठी आहे. आपण ज्या देशाकडे अर्ज करतोय त्याचे कागद तिथे घेतात का, हे आधी बघा. नाहीतर मुंबईची एक फेरी हिशेबात धरा. ठसे एकदा दिले की ५९ महिने चालतात, त्यामुळे मागे कधी दिले असतील तर तो जुना व्हिसा दाखवा.

मोठ्यांसाठी फी ९० युरो आहे, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५ आणि त्याहून लहानांना नाही. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. व्हिसा नाकारला तरी यातलं काही परत मिळत नाही.

कागदांत लोक कुठे चुकतात ते सांगते.

बँकेचं स्टेटमेंट: अर्जाच्या आठवडाभर आधी मुलाने किंवा भावाने दोन-तीन लाख खात्यात टाकले की शिल्लक छान दिसते, पण तपासणाऱ्याला तीच एक नोंद दिसते. मुलगा खर्च करणार असेल तर तसं पत्र, त्याचं स्टेटमेंट आणि आयकर विवरण लावा. खरं आहे तेच स्वच्छ मांडलेलं चांगलं.

निवृत्त मंडळींना 'परत का याल' याचं उत्तर द्यावं लागतं. पेन्शनच्या नोंदी, घराचे कागद, मुदत ठेवी जोडा. नोकरी असेल तर रजेचं पत्र, दुकान असेल तर नोंदणी आणि विवरणं.

फोटो: ३५ बाय ४५ मिलिमीटर, सहा महिन्यांच्या आतला. मुलीच्या लग्नातला कापून लावलेला फोटो परत येतो.

विमा: किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा, सगळ्या शेंगेन देशांसाठी आणि सगळ्या दिवसांसाठी लागतो. निघण्या-पोचण्याच्या दोन्ही बाजूंना एकेक दिवस जास्तीचा घ्या. रक्तदाब, मधुमेह, हृदयाचं जुनं दुखणं असेल तर ते लपवून घेतलेला स्वस्त विमा गरजेच्या वेळी कामाचा राहत नाही. हे कळकळीने सांगते.

सावध: व्हिसा मिळाला म्हणजे प्रवेश मिळालाच असं नाही. सीमेवरचा अधिकारी हॉटेल, परतीचं तिकीट, विमा मागू शकतो, तेव्हा त्यांच्या प्रती हातातल्या पिशवीत हव्यात. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर चेहरा आणि बोटांचे ठसे घेण्याची नवी नोंदपद्धत सुरू झाली आहे. पहिल्या प्रवेशाला त्यामुळे वेळ लागू शकतो, म्हणून उतरल्यावर स्वच्छतागृहापेक्षा आधी रांग गाठा.

## ४. पैसे

टूरच्या किमतीवर सरकार उगमस्थानी कर गोळा करतं, त्यालाच टीसीएस म्हणतात. दर अर्थसंकल्पाप्रमाणे बदलतो, म्हणून त्या वर्षीचा विचारून घ्या आणि ज्याचं पॅन दिलंत त्याच्याच नावावर तो जमा होतो हे लक्षात ठेवा. सासूबाईंच्या टूरचे पैसे सुनेच्या पॅनवर भरले की पुढे विवरणात गोंधळ होतो.

तिकडे खर्चायला मी प्रवासी फॉरेक्स कार्ड (आधीच परकीय चलन भरून ठेवलेलं कार्ड) आणि थोडी रोकड अशी सांगड घालते. रोकडीत युरोच्या लहान नोटा मागून घ्या, पाच, दहा आणि वीसच्या. शंभर-दोनशेची नोट छोट्या दुकानात घेत नाहीत. स्वित्झर्लंडमध्ये चलन फ्रँक आहे. बऱ्याच ठिकाणी युरो घेतात, पण मोड फ्रँकमध्ये देतात आणि दर त्यांचा असतो, तेव्हा तिथे कार्डच वापरा. भारतातून निघताना २५,००० पर्यंतच रुपये जवळ ठेवता येतात.

सावध: कार्ड यंत्रात घातल्यावर 'रुपयांत द्यायचे की युरोंत' असं विचारलं तर नेहमी युरोंत. रुपये निवडले की दुकानातलं यंत्र स्वतःचा दर लावतं आणि तो महाग पडतो.

नाणी जपून ठेवा. महामार्गावरच्या थांब्यांवर आणि शहरांत स्वच्छतागृहाला साधारण ५० सेंट ते १ युरो लागतो. पन्नास जण उतरतात, प्रत्येकाकडे वीसची नोट असते आणि दहा मिनिटांचा थांबा अर्ध्या तासाचा होतो.

## ५. पाय तयार करणं

हे वाचून सोडून देऊ नका, कारण टूरवर सर्वांत जास्त लोक इथेच अडतात. बसटूर म्हणजे बसून फिरणं, असा समज आहे. इटलीतल्या जुन्या शहरांच्या गाभ्यात मोठ्या बसना जाऊच देत नाहीत. पिझामध्ये बस लांबच्या तळावर थांबते, तिथून मनोऱ्यापर्यंत दीडेक किलोमीटर आहे. व्हेनिसला त्रोंकेत्तोच्या बसतळाहून बोटीने सान मार्को चौकाकडे जावं लागतं आणि पुढे पूल, पायऱ्या, पुन्हा पूल. रोममध्ये दगडी फरसबंदी असते, ती तळव्यांना टोचते. माझ्या फोनवर रोज बारा ते पंधरा हजार पावलं पडत होती.

निघायच्या दोन महिने आधीपासून कमाटीबागेत चालायला सुरुवात करा. पहिल्या आठवड्यात तीन किलोमीटर, हळूहळू सहा ते सातपर्यंत न्या. जे बूट घालून जाणार तेच घालून चाला. नवे कोरे बूट घेऊन विमानात बसलेल्या माझ्या नणंदेने पॅरिसमधला दुसरा दिवस हॉटेलात फोडांवर मलम लावत काढला. पायऱ्यांची सवय हवी असेल तर एखाद्या रविवारी पावागढला रोपवे न घेता जमेल तितकं चढून या.

उंचीचाही विचार करा. स्वित्झर्लंडमधलं युंगफ्राउयोख ३,४५४ मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. तिथल्याच टिटलिस डोंगराचं वरचं स्थानक तीन हजारांच्या पुढे आहे. काही तासांत इतक्या वर गेलं की डोकं दुखतं, दम लागतो. वर पोचल्यावर पहिली वीस मिनिटं सावकाश चाला, पाणी प्या, बर्फात धावू नका. हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असेल तर डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून विचारा, 'स्वित्झर्लंडला जाऊ का?' असं विचारू नका.

औषधं पूर्ण टूरची आणि वर पाच दिवसांची, मूळ वेष्टनात, औषधाचं मूळ नाव लिहिलेल्या चिठ्ठीसह घ्या. सगळी हातातल्या बॅगेत. इन्सुलिन सामानाच्या कप्प्यात कधीच टाकू नका.

## ६. बॅग आणि खाऊचा डबा

माणशी एक मोठी आणि एक छोटी बॅग. बसच्या पोटातली जागा मोजलेली असते. मोठीचं वजन वीस किलोंच्या आत ठेवा, परतीला तीन किलो जागा लागतेच. पॉवर बँक हातातल्या बॅगेत.

आपल्या मोबाईल चार्जरच्या बारीक दोन गोल पिना युरोपातल्या बहुतेक खोबणीत बसतात, तीन पिनांचं काहीच बसत नाही. स्वित्झर्लंडमधली खोबण षटकोनी आणि खोल असते, रुंद अंगाचा चार्जर तिथे अडतो. लंडनला तर पूर्ण वेगळा अडॅप्टर लागतो. खोलीतल्या खोबणी थोड्या असतात, म्हणून चार तोंडांचा चार्जर घ्या.

न्हाणीघराच्या जमिनीला बऱ्याच हॉटेलांत पाणी जायला भोकच नसतं. पडदा टबच्या आत ठेवूनच अंघोळ करा, नाहीतर पाणी खोलीतल्या गालिच्यावर जातं आणि भरपाई मागतात. एक छोटा प्लास्टिकचा मग बरोबर असू द्या, कशाला ते सांगायला नको.

खाऊ हा आपला हळवा विषय, म्हणून नीट वाचा. बाहेरच्या देशांतून मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपीय संघात आणायला प्रवाशांना बंदी आहे. म्हणजे पेढे, बर्फी, तुपाचा डबा घरीच राहू द्या. ताजी फळंही नकोत. खाखरे, लीलो चेवडो, शेव, थेपले, कोरडी चटणी, मेतकूट चालतं. भाकरवडीबद्दल मात्र एक सूचना. तिच्या सारणात बहुधा खसखस असते, आणि संयुक्त अरब अमिरातींत खसखशीवर कडक बंदी आहे. विमान दुबई किंवा अबुधाबीमार्गे असेल तर खसखशीचा कुठलाच पदार्थ घेऊ नका, कोडीन असलेलं खोकल्याचं औषधही नाही.

लोणचं नेणार असाल तर दोन पिशव्यांत बांधा. थेपले पहिल्या चार दिवसांत संपवा. खोलीत कुकर किंवा शेगडी लावू नका. स्मोक अलार्म वाजला की अख्खं हॉटेल खाली उतरतं आणि बिल तुमच्या नावावर येतं.

कडक शाकाहारी असाल तर इटलीतल्या पार्मेझान चीजमध्ये वासराच्या जठरातलं विरजण असतं, हे ठाऊक असू द्या. पास्त्यावर भुरभुरण्याआधीच 'चीज नको' सांगा.

## ७. बडोदे ते विमान

बहुतेक मराठी टूर मुंबईहून निघतात. रात्रीचं विमान म्हणून सकाळच्या गाडीने निघू, असं गणित जूनमध्ये मांडू नका. पहिल्या जोरदार पावसात विरार ते वसई पट्ट्यात गाड्या रखडतात, तेव्हा आदल्या दिवशीच मुंबई गाठा आणि नातेवाइकांकडे राहा. अहमदाबादहून निघत असाल तर द्रुतगती मार्गाने दोन-अडीच तास धरा, त्यावर एक तास राखीव.

## ८. बसमधले दिवस

इथे एक गोष्ट सगळ्यांना समजली पाहिजे: बसचं घड्याळ टूर लीडरच्या हातात नसतं. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे चालकाला साडेचार तास गाडी हाकल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते. दिवसाला ९ तास, आठवड्यातून फक्त दोनदा १० तास. रात्रीची सलग विश्रांती साधारण ११ तासांची. हे सगळं गाडीतल्या टॅकोग्राफ यंत्रात नोंदलं जातं आणि पोलीस ते वाटेत तपासतात. चालकाला शंभर युरो टीप देऊ केली तरी तो पुढे जाऊ शकत नाही, आणि त्याला तसं विचारूही नये.

याचा अर्थ असा की सकाळी गेलेली मिनिटं संध्याकाळच्या ठिकाणातून कापली जातात. आमच्या बसमध्ये कोलोनला दोन कुटुंबं चाळीस मिनिटं उशिरा आली, कॅथेड्रलसमोरच्या दुकानात अडकली होती. त्या संध्याकाळी ऱ्हाईनच्या धबधब्यापाशी पोचलो तर शेवटची बोट परतत होती. २३ मीटर उंच, १५० मीटर रुंद पाणी, आणि आम्ही पंचेचाळीस जण ते काठावरून पाहून परतलो. माझे बाबा त्या दिवशी काही बोलले नाहीत, पण बोटीची त्यांनी वर्षभर वाट पाहिली होती.

रोजचा क्रम मी असा ठेवते. रात्री झोपण्याआधी मोठी बॅग बंद, दाराशी. उद्याचे कपडे, औषधं, पासपोर्ट एका जागी. फोन चार्जिंगला आणि गजर दोन फोनवर. उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, लंडनमध्ये साडेचार. पहिले तीन दिवस पहाटे आपोआप जाग येते आणि चौथ्या दिवशी नेमकी येत नाही. जूनच्या अखेरीस पॅरिसला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, म्हणून 'अजून उजेड आहे' यावर झोपेची वेळ ठरवू नका.

बसमध्ये पट्टा बांधा, तो सक्तीचा आहे. जागा रोज बदलून बसायची पद्धत असेल तर ती पाळा, पुढची जागा उलटी होणाऱ्यांसाठी आपणहून सोडा. वास येणारं गरम खाणं बसमध्ये उघडू नका.

तपासा: बसमधून उतरताना तीन गोष्टी फोनमध्ये टिपा: परत यायची वेळ, जागेचा फोटो, बसच्या नंबरपाटीचा फोटो. पन्नास बस एकाच तळावर उभ्या असतात आणि सगळ्या पांढऱ्या दिसतात.

## ९. शहरांतले नियम

सेंट पीटर्स बॅसिलिकात खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, बायकांनाही पुरुषांनाही. उन्हाळ्यात बिनबाह्यांचा कुर्ता असेल तर ओढणी जवळ ठेवा.

रोममधल्या स्पॅनिश पायऱ्यांवर २०१९ पासून बसायला बंदी आहे आणि दंड होतो. व्हेनिसमध्ये सान मार्को चौकात बसून डबा उघडायचा नाही आणि कबुतरांना दाणे टाकायचे नाहीत. आपल्याकडे ते पुण्याचं काम असलं तरी तिथे गुन्हा आहे. व्हेनिसमध्ये रात्री न राहणाऱ्यांना २०२४ पासून ठरावीक दिवशी प्रवेशशुल्क आहे, ते टूरवाल्यांनी भरलंय का विचारा.

ॲमस्टरडॅममध्ये लाल रंगाची पट्टी ही सायकलींची वाट आहे. फोटोसाठी मागे सरकताना लोक तिच्यावर जातात आणि सायकली थांबत नाहीत.

नळाचं पाणी सर्वत्र पिण्याजोगं असतं, रोममध्ये तर रस्त्यावरचे लोखंडी नळ सतत वाहतात. 'नॉन पोताबिले' लिहिलेल्या नळाचं मात्र नको. बाटली भरून घ्या, एका बाटलीला दोन-तीन युरो देण्याची गरज नाही.

## १०. खिसेकापू आणि हरवलेला पासपोर्ट

पॅरिसमधला आयफेलचा परिसर, साक्रे-कर चर्च, मेट्रो, रोमचं तेर्मिनी स्टेशन या जागी सावध राहा. सहीसाठी कागदाची पाटी पुढे करणाऱ्या मुली, मनगटाला दोरा बांधू पाहणारे, पायाशी 'सापडलेली' अंगठी दाखवणारे, सगळ्यांना न थांबता नाही म्हणा. एक जण बोलतो तेव्हा दुसऱ्याचा हात पर्समध्ये असतो. सकाळी हॉटेलच्या नाश्त्याच्या खोलीतही खुर्चीला पर्स अडकवू नका. माझ्या पाहण्यातले दोन पासपोर्ट तिथूनच गेले.

पासपोर्ट कपड्यांच्या आत, कार्ड दुसरीकडे, रोकड तिसरीकडे. पासपोर्ट आणि व्हिसाच्या रंगीत प्रती मोठ्या बॅगेत, त्यांचे फोटो स्वतःच्या ईमेलवर, आणि दोन जादा पासपोर्ट फोटो.

पासपोर्ट गेलाच तर क्रम असा: टूर लीडरला सांगा, पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या, मग जवळच्या भारतीय वकिलातीत जा. पॅरिस, बर्न, रोम, हेग, ब्रुसेल्स आणि बर्लिन इथे दूतावास आहेत, मिलान, फ्रँकफर्ट, म्युनिकमध्ये वाणिज्य दूतावास. तिथे भारतात परतण्यापुरतं आपत्कालीन प्रमाणपत्र मिळतं. बस थांबणार नाही हे धरूनच चला, घरातलं एक माणूस सोबत मागे राहील हे निघायच्या आधीच ठरवा. कुठल्याही संकटात सगळ्या देशांत ११२ हा एकच क्रमांक चालतो.

## ११. खरेदी आणि परतीचा शिक्का

रस्त्यावरच्या चादरीवरून नामांकित कंपनीची 'स्वस्त' पर्स घेऊ नका. इटलीत बनावट वस्तू विकत घेणाऱ्यालाही दंड होतो.

एकाच दुकानात ठरावीक रकमेच्या वर खरेदी झाली तर कर परत मिळतो. फ्रान्समध्ये १०० युरोंच्या वर, इटलीत ७० च्या वर, जर्मनीत ५० च्या वर. पासपोर्ट दाखवून दुकानातून अर्ज भरून घ्या आणि वस्तू न वापरता ठेवा.

आता बसटूरवाल्यांना हमखास फसवणारी गोष्ट. कराच्या अर्जावर सीमाशुल्काचा शिक्का युरोपीय संघ सोडताना घ्यायचा असतो, आणि स्वित्झर्लंड त्या संघात नाही. पॅरिसमध्ये घेतलेलं अत्तर घेऊन स्वित्झर्लंडला गेलात आणि झुरिकहून घरी उडालात, तर शिक्का सीमा ओलांडतानाच घ्यायला हवा होता. विमानतळावर तो मिळत नाही. टूर स्वित्झर्लंडमध्ये संपत असेल तर त्या सीमेवर बस थांबेल का, हे लीडरला दोन दिवस आधी विचारा. तिथून पुन्हा इटलीत उतरून रोमहून निघणार असाल तर रोमलाच शिक्का घ्या. वस्तू दाखवाव्या लागतात, म्हणून त्या असलेली बॅग विमानात देण्याआधी सीमाशुल्काच्या खिडकीकडे जा आणि नेहमीपेक्षा तासभर आधी पोचा.

घरी आल्यावर बोर्डिंग पास आणि जुना व्हिसा जपून ठेवा, पुढच्या अर्जाला ते उपयोगी पडतात. फॉरेक्स कार्डवरची शिल्लक परत वळती करा. आणि जुलैत विवरण भरताना भरलेला टीसीएस आयकर खात्याच्या कर-जमा तक्त्यात (२६एएस) तुमच्या नावावर दिसतोय ना, ते बघा. दिसत नसेल तर टूरवाल्यांकडून प्रमाणपत्र मागून घ्या आणि ते हाती आल्यावरच विवरण भरा.